अंगठा म्हणजे संमती नव्हे

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (इतिहास)

१२ मे १८७५ ही तारीख इतिहासाच्या विद्यार्थ्याला निदान परीक्षेपुरती तरी पाठ असते. पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी त्या दिवशी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले, सावकारांच्या दारांत गेले आणि त्यांनी वह्या व कर्जरोखे मागितले. जे हाती आले ते जाळून टाकले. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी गेले. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण ते अभ्यासतो. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे सांगतात की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता.

मी हे सारे पाठ केले, त्यावर दहा गुणांचे उत्तरही लिहिले. पण माणसाला कागदाचा एवढा संताप का यावा, हे मात्र उमगले नव्हते. ते उमगले गेल्या पावसाळ्यात, इंदिरानगरमधील आमच्या घरात, आणि तेही इंटरनेटच्या जोडणीच्या निमित्ताने! वाचकहो, सावकार आणि इंटरनेट यांचा संबंध काय, असे आपल्या मनात येईल. तोच सांगण्यासाठी हा लेख.

आमची सोसायटी वडाळा-पाथर्डी रस्त्यापासून आत आहे. आई घरी शिवणकाम करते. ब्लाउजचे नमुने, मापे, तारखा हे सारे आता मोबाईलवर येते. धाकटी बहीण सीईटीची तयारी करते, तिचे निम्मे तास संगणकापुढे. तेव्हा घरात इंटरनेट घेणे ही काही चैन नव्हती. मात्र कोणाचे घ्यायचे, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. कारण आमच्या इमारतीच्या गच्चीवरून वायर ओढण्याची परवानगी एकाच कंपनीला आहे. त्या बदल्यात कंपनीने सोसायटीच्या कार्यालयाला फुकट जोडणी दिली आहे, असे म्हणतात. कार्यालयात बसणारे दोघे खूश. बाकीच्या बिऱ्हाडांना मात्र एकाच दुकानातून वाणसामान भरावे तसे झाले.

जोडणी देण्यासाठी एक मुलगा आला. अदबीने बोलणारा, पाठीवर पिशवी, हातात मोबाईल. "काकू, आधार द्या जरा." आईने दिले. त्याने दोन्ही बाजूंचा फोटो काढला. "आता इथं अंगठा ठेवा." आईने अंगठा ठेवला. "आता दारात उभ्या राहा, फोटो लागतो." आई दारात उभी राहिली. मग बाबांचा नंबर मागितला, बाबा कोठे नोकरीला आहेत ते विचारले, घरात माणसे किती ते लिहून घेतले. दोनदा ओटीपी आला, तो आईने वाचून दाखवला. शेवटी मोबाईलच्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांतला लांबच लांब मजकूर आला. मुलाने तो बोटाने सर्रकन् वर सरकवला आणि खालच्या चौकोनात आईकडून खूण करून घेतली. बारा महिन्यांचे पैसे आगाऊ. राऊटरचे डिपॉझिट वेगळे. दहा मिनिटांत काम झाले. आईने त्याला चहा दिला.

आठवडाभरात फोन सुरू झाले. कर्ज हवे का, विमा हवा का, प्लॉट हवा का. एका बाईला तर आईचे पूर्ण नाव आणि आमचा भागही ठाऊक होता. हा सगळा त्रास एखाद्या डासासारखा आम्ही हाताने वारीत राहिलो. पण एका संध्याकाळी कंपनीच्याच माणसाचा फोन आला. तो आईला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे रात्री अकरानंतर वापर फार दिसतो. मोठा प्लॅन घ्या."

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारले, "रात्री अकरानंतर कोण जागतं?"

बहीण घास हातात धरून बसून राहिली. ती रात्री अभ्यासाची व्याख्याने पाहते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. बाबांनाही होते. तरीही प्रश्न विचारला गेला, आणि पुढचे चार दिवस बहीण अकराच्या ठोक्याला दिवा मालवून बिछान्यावर पडत राहिली. कोणाचे काही चुकले नव्हते. फक्त ज्याच्याशी आमचे कसलेच नाते नाही, अशा एका माणसाने आमच्या घरात कोण किती वाजता जागे असते, ही बातमी आमच्याच घरात आणून टाकली होती. शेजारणीने अशी चुगली केली असती तर आईने तिला उंबरठ्याशी थांबवले असते. येथे उंबरठाच उरला नव्हता.

तेव्हा आम्ही जोडणी बंद करायचे ठरवले. घेताना दहा मिनिटे लागली होती. सोडताना सव्वा महिना लागला. फोनवरून बंद होत नाही, कार्यालयात या. कार्यालयात गेलो तर साहेब नाहीत. इंदिरानगरच्या बोगद्यातील संध्याकाळची गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना दोनदा जाणे-येणे म्हणजे काय हे सांगायला नको. मग "का सोडता, कोणाकडे जाता" असे विचारणारे सात फोन. मग राऊटर मूळ खोक्यासकट परत द्या. खोके तर रद्दीत गेलेले. आणि शिल्लक महिन्यांचे पैसे? ते मिळत नाहीत. तुम्ही संमती दिली आहे. कोठे? त्या चौकोनातल्या खुणेत.

इतिहासाच्या पुस्तकातले पान माझ्यापुढे उघडले ते या क्षणी. त्या काळच्या शेतकऱ्याला रोखा वाचता येत नसे. लिहिणारा सावकाराचा माणूस, भाषा सावकाराची, आकडा सावकाराचा. शेतकऱ्याचे काय, तर अंगठा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरायचे ठरवले. हेतू रयतेला वाचवण्याचा होता. सावकारांनी त्यातूनही वाट काढली: दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहायचा, पुन्हा अंगठा घ्यायचा. आणि शेतकऱ्याने कोर्टात तोंड उघडले, की उत्तर तयार असे: हा बघा, तुझा अंगठा आहे!

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातील दोन गोष्टी मला आजही मोलाच्या वाटतात. एक, वाद कोर्टात आला म्हणजे न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता रोख्याच्या मागे जावे आणि मूळ व्यवहार कसा झाला ते तपासावे. दुसरी, शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावा, म्हणजे आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे त्याला कळेल. या कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे. पण एक तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले: अंगठा म्हणजे संमती नव्हे. न कळता आणि दुसरा मार्ग नसताना दिलेला होकार हा होकार नव्हे.

आपण हे तत्त्व पुन्हा विसरलो आहोत की काय, अशी मला शंका येते.

कायदा मात्र विसरलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला न्या. पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने मोबाईलला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने दूरसंचार कंपन्यांना आधारने ओळख पटवण्याची मुभा दिली, पण ती ग्राहकाच्या खुशीने. पासपोर्टसारखा दुसरा पर्यायही ठेवला. आमच्या आईला हा पर्याय कोणी सांगितला? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तर संमती कशी असावी ते लिहूनच ठेवले आहे: मोकळी, नेमकी, समजून दिलेली आणि अटीत न अडकवलेली. कामापुरतीच माहिती घ्यावी, संमती मागणारा मजकूर ग्राहकाला हवा तर मराठीतूनही मिळावा, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणेही सोपे असावे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. दहा मिनिटे आणि सव्वा महिना हा हिशेब ज्याने अनुभवला, त्याला 'तितकेच सोपे' या दोन शब्दांची किंमत कळेल.

येथपर्यंत लिहून मी थांबले असते, तर कंपनी दुष्ट आणि आम्ही बिचारे, असा एक सोपा लेख झाला असता. पण मध्येच एक गोष्ट घडली.

आपल्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत, हे पाहण्याची सोय दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. आईच्या नावावर तीन नंबर निघाले. दोन आमचे. तिसरा आम्ही कधी पाहिलेलाही नव्हता. 'हा माझा नाही' अशी नोंद करून आम्ही तो कळवला. तो त्या मुलाने काढलेल्या फोटोवरूनच घेतला गेला, असे मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही. आणि खरे दुखणे तेच आहे. आईच्या आधारचा कागद कोठे कोठे फिरला, हे जगात कोणालाच सांगता येत नाही.

मी चिडले होते. अशात एके दिवशी आपल्याच महाविद्यालयाच्या उपाहारगृहात तो मुलगा मला दिसला. तो आपल्याच पहिल्या वर्षाच्या वर्गात आहे! पेठकडच्या गावातून आलेला, खोली भाड्याने घेऊन राहणारा. सकाळी तास, दुपारनंतर जोडण्या. पगार नाही, जोडणीमागे पैसे मिळतात.

मी त्याला सगळे सांगितले. तो घाबरला नाही, ओशाळला. म्हणाला, "ताई, ॲप कधी चालतं, कधी नाही. नाही चाललं की फोटो ग्रुपवर टाकायला सांगतात. मग हाफिसातनं फॉर्म भरतात."

"कोणत्या ग्रुपवर?"

"व्हॉट्सॲपच्या. सगळे असतात त्यात."

"सगळे म्हणजे कोण?"

त्याला ते सांगता येईना. त्याने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला आणि फोटोंचे दालन उघडले. आधार, आधार, आधार. मध्येच त्याच्या गावची भातलावणी, त्याची आजी, पावसातला धबधबा. मग पुन्हा आधार. कितीतरी घरांच्या दारांत उभी असलेली माणसे. त्यात आमची आईही होती, ओढणीला हात पुसून घाईने दारात आलेली. त्याने माझ्यासमोर तो फोटो पुसून टाकला. "ग्रुपवरचा नाही पुसता येणार ताई," तो म्हणाला. "तुमच्या आईंनी चहा दिला होता."

तो चोर नव्हता. त्यालाही कोणी सांगितले नव्हते, की आपल्या खिशात आपण काय घेऊन फिरतो आहोत. सावकाराच्या पेढीवर रोखे लिहिणारा कारकून वाईटच असे, असे नाही. तो लिही म्हटले की लिही. या व्यवहारात ज्याच्याकडे निर्णय आहे तो आपल्याला दिसत नाही, आणि जो दिसतो त्याच्याकडे निर्णय नाही.

या विषयावर बोलले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: ओळख पटवल्याशिवाय जोडणी द्यायची, तर फसवणूक करणाऱ्यांना रान मोकळेच! आक्षेप खरा आहे. खोट्या नावांच्या नंबरांवरून कितीतरी वृद्धांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात जैविक ओळखीची तरतूद त्यासाठीच आहे. पण ओळख पटवणे वेगळे आणि ओळखीचा कागद खिशात घेऊन हिंडणे वेगळे. दारावरचा पोलीस ओळखपत्र पाहतो आणि परत देतो. त्याची प्रत घरी नेत नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने 'आधारची प्रत कोणालाही देऊ नका' असे पत्रक काढले. दोनच दिवसांत केंद्र सरकारने गैरसमज नको म्हणून ते मागे घेतले. लोकांनी यातून काय समजायचे? शेवटचे चारच आकडे दिसतील, असे झाकलेले आधार त्याच प्राधिकरणाकडून मिळते. पण ते दिले तर कंपनीचा माणूस 'चालत नाही' म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित: आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे? अशांना मी नाशिकरोडची आठवण देते. १९२५ साली सुरू झालेल्या तेथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशभरच्या पत्रांची तिकिटे छापली गेली. सासरी गेलेल्या मुलीने आईला लिहिलेल्या पत्रात राजद्रोह नसे; 'भाव चढले, चिकूला दात आले' एवढेच असे. तरीही तिने पाकीट डिंकाने चिकटवलेच ना? पोस्टमनने ते फोडून वाचावे, असे कोणाला वाटले नाही. १९८६ साली संसदेने पत्रे अडवण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे पोस्टाचे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही; ते तसेच राहिले. सरकारच्या हातात पत्र जाऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि आज वायर ओढणाऱ्या कंपनीचा नोकर आमच्या घरचा दिवा किती वाजता मालवतो ते फोनवर सांगतो! वाहून नेणाऱ्याने वाहून न्यावे, तिकिटाचे पैसे घ्यावेत. आत डोकावण्याचा हक्क तिकिटात येत नाही.

आता आमच्या तक्रारीचे काय झाले, ते सांगते. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीतील अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचे, अशी दोन पायऱ्यांची पद्धत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली घालून दिली आहे. आम्ही पहिली पायरी चढलो, उत्तर आले नाही. दुसरी चढलो, तेव्हा डिपॉझिट परत आले. शिल्लक महिन्यांच्या पैशांबद्दल 'नियमांनुसार' हा एक शब्द आला. आईचा फोटो आणि आधार कोणाकोणाकडे आहे, या प्रश्नाला उत्तर आलेच नाही. तोच प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा होता.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तीही गेली कित्येक वर्षे बंद असल्यासारखीच होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील एका कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, केरळातील एका टेलिफोनधारकाच्या प्रकरणात, असे ठरवले की टेलिफोनचे वाद ग्राहक मंचापुढे नेता येणार नाहीत. सुप्याच्या दंग्यानंतर दहा वर्षांनी झालेला कायदा एकविसाव्या शतकातल्या ग्राहकाच्या वाटेत आडवा पडला! फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्या कायद्यात 'अनुचित करार' असा एक शब्द आहे. ग्राहकाच्या हक्कांना मोठा धक्का देणाऱ्या एकतर्फी अटी त्यात येतात. म्हणजे १८७९ प्रमाणेच आजच्याही न्यायासनाला रोख्याच्या मागे जाता येते. अर्थात् कोणीतरी रोखा तिथपर्यंत न्यायला हवा. आमचा अर्ज आईने स्वतः मराठीत लिहिला आहे. हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत तो दाखल झालेला असेल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्याला काय करता येईल? दंगे करायचे नाहीत, आणि जाळायला कागदही नाहीत. आजचे रोखे जळत नाहीत, हीच तर अडचण आहे. पण २०१५ साली इंटरनेट सर्वांना सारखे असावे म्हणून देशभरातून दहा लाखांहून अधिक पत्रे नियामक प्राधिकरणाकडे गेली. त्यांत आपल्यासारखे विद्यार्थी पुष्कळ होते. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने संकेतस्थळ पाहून वेगळा दर लावण्यावर बंदी घातली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. कायदा आधी आणि माणसे मागून, असे क्वचितच घडते.

माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या घरी जोडणी घ्यायला कोणी आले, तर आईबाबांच्या शेजारी आपण बसावे आणि प्रत्येक खुणेपूर्वी 'हे कशासाठी?' एवढे विचारावे. आपल्यापैकी जे असे काम करतात, आणि ते बरेच आहेत, त्यांनी काम झाल्यावर फोटो पुसावेत. कंपनी सांगत नसली तरी पुसावेत. आणि प्राध्यापकांना विनंती अशी की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस या कामासाठी द्यावा. इंदिरानगर, राणेनगर, वडाळा येथील घरांतून जाऊन लोकांना त्यांच्या नावावरचे नंबर पाहून द्यावेत, तक्रार कशी लिहायची ते सांगावे. १८७९ च्या कायद्याने गावात रजिस्ट्रार बसवला होता, तो दस्त समजावून सांगण्यासाठीच. आज तो बसवलेला नाही. तोवर ते काम आपल्याला करता येईल.

त्या मुलाशी माझी आता ओळख झाली आहे. परवा तो सांगत होता, एका घरी त्याने आजीबाईंना अंगठा ठेवायच्या आधी सगळा मजकूर मराठीत सांगायला घेतला. पाऊण तास लागला. शेवटी आजीबाई म्हणाल्या, "मग नको बाबा," आणि त्याचे त्या दिवसाचे पैसे बुडाले.

"वाईट वाटलं?" मी विचारले.

"वाटलं ना ताई," तो म्हणाला. "पण त्या नाही म्हणाल्या, ते त्यांना कळून म्हणाल्या."